मी मराठी शिकली

आमच्या टीममध्ये कानपूरचा एक मुलगा आहे. पुण्यात येऊन त्याला तीन वर्षं झाली आणि त्यातली दोन वर्षं तो हट्टाने मराठी बोलतोय. एकदा कॅन्टीनच्या मावशी त्याला म्हणाल्या, "मराठी छान बोलतोस की रे!" तो खूश होऊन म्हणाला, "हो मावशी, मी मराठी शिकली."

मावशी हसल्या, आम्ही हसलो. आपण का हसतोय हे न कळून तोही हसला. नंतर जागेवर येऊन त्याने विचारलं, तेव्हा कुणीतरी सांगितलं, "अरे, तू मुलगा आहेस ना? मग शिकलो म्हण. शिकली मुली म्हणतात." (हेही अर्धंच खरं. पुणेरी कानाला मुलीच्या तोंडीसुद्धा 'शिकले' लागतं. ते असो.) त्याने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी डबे उघडले तेव्हा म्हणाला, "आज मी ज्वारीची भाकरी खाल्लो." पुन्हा सगळे हसले. आता मात्र त्याचा चेहरा उतरला. "क्यों? मैं लड़का हूँ ना?"

टेबलाभोवती आम्ही पाच मराठी माणसं होतो. त्यातल्या दोघांना दहावीला मराठीत नव्वदच्या वर मार्क होते. 'मी मराठी शिकलो' बरोबर आणि 'मी भाकरी खाल्लो' चूक असं का, हे पाचांपैकी एकालाही सांगता आलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला तोच सल्ला दिला जो आपण सगळ्यांनाच देतो. "ऐकत राहा. आपोआप येईल."

हा लेख त्या सल्ल्याबद्दल आहे. तो देताना आपल्याला वाटतं की आपण साधं व्यवहारज्ञान सांगतोय, पण त्याच्यामागे एक सिद्धान्त आहे, पुस्तकं आहेत आणि जवळपास पन्नास वर्षांचं भांडण आहे.

सिद्धान्ताचं सगळ्यात ठाम रूप अमेरिकेतल्या स्टीफन क्रॅशन यांनी मांडलं. १९८२ सालच्या त्यांच्या 'प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस इन सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन' या पुस्तकात ते भाषा 'शिकणं' आणि भाषा 'अंगी येणं' या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या काढतात. अंगी येणं म्हणजे लहान मुलाला येते तशी: कळेल असं, आपल्या पातळीच्या जरासंच वरचं ऐकत-वाचत राहायचं, बाकीचं काम डोकं करतं. शिकणं म्हणजे नियम पाठ करणं. क्रॅशन यांच्या मते पाठ केलेला नियम बोलायच्या कामी येत नाही. तो फक्त मागे उभा राहून तपासणी करतो, तीही वेळ असेल, लक्ष असेल आणि नियम ठाऊक असेल तरच. आणि शिकलेलं कधी अंगी आलेल्यात बदलत नाही, दोन्हींच्या मध्ये भिंत आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे फार पटलं. व्याकरणाने छळलेल्या कुणालाही ते पटतंच. पण क्रॅशन यांच्याशी वाद घालणं सोपं आहे. भिंतीबद्दलचं त्यांचं विधान इतकं टोकाचं आहे की ते तपासायचं कसं हेच कळत नाही. मला जास्त गुंतवलं ते दुसऱ्या एका पुस्तकाने. ते आपल्या शेजारच्या राज्यात, आपल्यासारख्याच गच्च भरलेल्या वर्गांत घडलं, आणि आपल्याकडे इंजिनिअरिंगवाल्यांनी सोडा, भाषेच्या लोकांनीही त्याची फारशी चर्चा केलेली मी वाचलेली नाही.

एन. एस. प्रभू हे मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये इंग्रजी शिक्षणाचं काम पाहणारे अधिकारी. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या काही शाळांत एक प्रयोग केला. तो जगभर 'बंगळूर प्रोजेक्ट' म्हणून ओळखला जातो. त्यावरचं त्यांचं पुस्तक 'सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी' १९८७ साली आलं. दक्षिणेत तोवर १९५०च्या दशकापासून रचनांची पद्धत रुजलेली होती. आज ही वाक्यरचना, उद्या ती, प्रत्येक रचना प्रसंगात बसवून घोकून घ्यायची. प्रभूंनी रचनांची यादीच काढून टाकली. त्यांच्या अभ्यासक्रमात व्याकरण नाही, शब्दांची यादी नाही, फक्त कामं आहेत. रेल्वेचं वेळापत्रक द्यायचं आणि विचारायचं: अमुक वाजता तिथे पोचायचं असेल तर कोणती गाडी धरावी लागेल? नकाशा द्यायचा आणि रस्ता काढायला लावायचा. आधी शिक्षक अख्ख्या वर्गासोबत तसंच एक काम बोलत बोलत सोडवणार, मग मुलं एकेकटी दुसरं सोडवणार, आणि मार्क उत्तर बरोबर आलं का याला. इंग्रजी कसं होतं याला नाही.

मूळ कल्पना अशी की मुलांचं लक्ष अर्थावर खिळलेलं असताना व्याकरण आतल्या आत आपलं आपण घडतं.

हे पुस्तक मला आवडलं याचं पहिलं कारण त्याचा प्रामाणिकपणा. प्रभू कुठेही क्रांतीची भाषा बोलत नाहीत. काम फार सोपंही नको आणि फार अवघडही नको म्हणजे नेमकं कसं, यासाठी त्यांनी एक अडाणी वाटेल असा निकष ठेवला: अर्ध्या वर्गाला निदान अर्धं तरी जमलं पाहिजे. असा निकष वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच सुचतो. 'मुलांचे गट करा' हा मंत्र सगळे जपत असताना त्यांनी गट नाकारले, कारण सगळ्यांचंच इंग्रजी कच्चं असेल तर मुलं एकमेकांकडून कच्चंच उचलतील. आणि क्रॅशनच्या तुलनेत त्यांची मोठी बाजू म्हणजे त्यांना परिस्थिती ठाऊक होती. वर्गाबाहेर इंग्रजीचा थेंब नाही हे गृहीत धरून त्यांनी वर्गालाच विहीर केलं.

पण तिथेच माझी अडचण सुरू होते. त्या विहिरीत पाणी येतं शिक्षकाच्या तोंडून. शिक्षकाला किती आणि कसं इंग्रजी बोलता येतं, तेवढीच तिची खोली.

प्रयोग संपत आला तेव्हा ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी त्याचं मूल्यमापन केलं. ते १९८५ साली छापून आलं. रचनांच्या परीक्षेत जुन्या पद्धतीची मुलं पुढे, कामांच्या परीक्षेत प्रभूंची मुलं पुढे, आणि ज्या चाचण्या दोघांनाही सारख्याच नव्या होत्या त्यांत एकंदरीत प्रभूंच्या मुलांचं पारडं जड. निष्कर्ष सावध पण प्रकल्पाच्या बाजूचा होता. मात्र मूल्यमापन करणाऱ्यांनी स्वतःच नोंदवलं की वर्ग चिठ्ठ्या टाकून वाटलेले नव्हते आणि प्रयोगाच्या बाजूचे शिक्षक साधारण नव्हते, जास्त तयारीचे आणि जास्त उत्साही होते. आमच्या धंद्यात सांगायचं तर नवीन फ्रेमवर्क टीममधल्या सगळ्यात हुशार दोघांच्या हाती द्यायचं, जुनं बाकीच्यांकडे ठेवायचं, आणि तीन महिन्यांनी म्हणायचं की फ्रेमवर्क चांगलं आहे. असेलही. पुढे बेरेटा यांनी ही पद्धत शिक्षकांपर्यंत पोचली किती हे तपासलं, तेव्हा शाळांच्या नेहमीच्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांना ती नीट पेललीच नव्हती असं दिसलं.

हे मी आत बसून पाहिलंय. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि मी त्याच्या सुरुवातीच्या बॅचेसपैकी एका बॅचमधला, तालुक्याच्या गावातला, मराठी शाळेतला. आमचं पुस्तक गाण्यांचं, चित्रांचं, 'ऐका आणि करा'चं होतं. आज चाळलं तर लक्षात येतं की ज्यांनी ते केलं त्यांना काय करायचंय हे नीट ठाऊक होतं. आमच्या बाई मात्र प्रत्येक ओळ फळ्यावर लिहायच्या, खाली मराठी अर्थ लिहायच्या आणि आम्ही ते वहीत उतरवायचो. गाणं आम्ही कधी गायलोच नाही. बाईंचा दोष म्हणवत नाही. त्या स्वतः भाषांतर करत इंग्रजी शिकल्या होत्या. तर्खडकरांच्या पाठमालांनी घडवलेल्या आपल्या समाजात 'तर्खडकरी इंग्रजी' हा शब्द रूढ झाला तो उगाच नाही. माझे आजोबा त्याच वळणाचे. इंग्रजीत अर्ज असा लिहायचे की कलेक्टरने उठून उभं राहावं, आणि बँकेत इंग्रजीत कुणी बोललं की मला पुढे करायचे.

नियम न सांगता शिकवण्याचा हा छुपा खर्च आहे. नियमाचं पुस्तक कच्च्या शिक्षकाच्या हातातही निम्मं-अर्धं काम करतं. प्रभूंची पद्धत मात्र पक्क्या शिक्षकाशिवाय उभीच राहत नाही. प्रभूंना हे दिसलं असावं असं मला वाटतं, कारण १९९० साली त्यांनीच लेख लिहिला की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते, शिक्षकाला आपण काय करतोय ते आतून पटलेलं असणं महत्त्वाचं. लेख सुंदर आहे. पण ज्या बाईंना वर्गात इंग्रजीत पाच मिनिटं बोलायची धास्ती वाटते, त्यांच्या आतून पटण्याचं काय करायचं, ते त्यात नाही.

समजा पाणी भरपूर आहे. तरी आपोआप येतं का? कॅनडात याचं उत्तर मिळालं. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी घरांतल्या मुलांना पहिल्यापासून फ्रेंचमधूनच सगळं शिकवायला सुरुवात झाली आणि हे लोण देशभर गेलं. मुलं गणित, भूगोल सगळं फ्रेंचमध्ये करत. ऐकून-वाचून समजण्यात ती फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचली. बोलण्या-लिहिण्यात मात्र लिंग, काळ, प्रत्यय यांतल्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. १९८५ साली मेरिल स्वेन यांनी म्हटलं की नुसतं कळण्याने पुरत नाही, बोलावं लागतं, अडावं लागतं. रिचर्ड श्मिट यांनी हवाईतल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास १९८३ साली मांडला. हा गृहस्थ इंग्रजीत धमाल गप्पा मारायचा, मित्र जोडायचा, व्यवहार करायचा. व्याकरण मात्र तीन वर्षांत जवळजवळ होतं तिथेच. श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकले तेव्हा त्यांनी डायरी ठेवली, आणि त्यावरून त्यांचा ग्रह असा झाला की कानावर पडलेलं सगळं आत जात नाही, लक्षात आलेलं जातं. एखादं रूप महिनोन् महिने भोवती घुमत असतं, आणि कुणी दाखवल्यावरच ते ऐकू यायला लागतं.

माझ्या कानपूरच्या मित्राला नेमकं काय ऐकू येत नव्हतं, हे शोधायला मी एका रविवारी बसलो. आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की उत्तर आठवीच्या व्याकरणात होतं. कर्तरी प्रयोग, कर्मणी प्रयोग. आम्ही ते दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो, कारण आम्हाला त्याचा उपयोगच नव्हता. आम्ही ते आधीपासून बोलतच होतो. ज्याला उपयोग होता त्याला ते कुणी सांगितलं नाही.

भूतकाळात 'खाणे'चं क्रियापद कर्माच्या मागे जातं: त्याने भाकरी खाल्ली, त्याने आंबा खाल्ला. 'शिकणे' सकर्मक असूनही कर्त्याच्या मागे जातं: तो मराठी शिकला, ती मराठी शिकली. पिणे, विसरणे, बोलणे, नेसणे अशी मोजकी मंडळी याच गटातली. आता गंमत बघा. 'त्याने खाल्ली' आणि 'तो शिकला' यांत फरक कानाला ऐकू येतो, 'ने' आहे किंवा नाही. पण माणूस स्वतःबद्दल बोलायला लागला की तो पुरावाच गायब होतो. मी भाकरी खाल्ली, मी मराठी शिकलो. दोन्हीकडे नुसतं 'मी'. आपण 'मीने' म्हणत नाही. 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांचंही तेच. म्हणजे समोरासमोरच्या गप्पांत, जिथे बहुतेक वाक्यं मी आणि तूची असतात, नियमाची खूण झाकलेली असते.

वर हिंदीचा सापळा. हिंदीत 'मैंने मराठी सीखी', तिथे 'सीखना'ला 'ने' लागतो आणि क्रियापद 'मराठी'च्या मागे जातं. माझा मित्र 'मी मराठी शिकली' म्हणाला तेव्हा तो स्वतःला मुलगी म्हणत नव्हता. त्याने मराठीला स्त्रीलिंगी केलं होतं, अगदी बरोबर केलं होतं. चूक फक्त एवढीच की 'शिकणे' मराठीत दुसऱ्या गटात बसतं. आणि आम्ही त्याला कारण काय दिलं? तू मुलगा आहेस. चुकीचं कारण! त्या कारणावरून त्याने अगदी तर्कशुद्ध पद्धतीने 'भाकरी खाल्लो' काढलं. बग त्याच्या कोडमध्ये नव्हता, आमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होता.

हे 'ऐकत राहा'ने सुटलं असतं का? मी पाकिटावर हिशोब केला. ऑफिसात बोलणं इंग्रजी आणि हिंदीत चालतं. त्याच्या कानावर मराठी दिवसाला अर्धा तास धरू, मिनिटाला १२० शब्द, वर्षाचे २५० दिवस, दोन वर्षं. १८ लाख शब्द झाले. बारा-तेरा वर्षांचं मूल तोवर आपल्या भाषेचे साधारण १० कोटींपर्यंत शब्द ऐकतं असा अंदाज धरला जातो. म्हणजे त्याला मिळालं पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी, आणि त्यातली 'मी अमुक शिकलो, विसरलो, प्यायलो' अशी वाक्यं वेचायला बसलं तर किती निघतील? हा हिशोब ऐकून टीममधला एकजण म्हणाला की भाषेची मॉडेलं कुठे व्याकरण शिकतात, तीही नुसतं वाचूनच शिकली ना. शिकली, पण जीपीटी-३ला साधारण ३०० अब्ज टोकन वाचायला दिले होते. तेवढं ऐकायला कानपूरच्या मुलाने पुण्यात किती जन्म काढायचे?

व्याकरणाच्या वहीची मी आरती करतोय असं समजू नका. २००० साली नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी ४९ अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा नियम उघड सांगून शिकवण्याचा परिणाम जास्त दिसला, आणि नियमवाले तेव्हापासून तो निकाल फडकवतात. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या गाळलेल्या जागा भरण्याच्या जातकुळीतल्या होत्या. नियम शिकवून नियमाचीच परीक्षा घेतली तर निकाल बरा लागणारच. आठवीत सरांनी मला काळांचा बारा चौकोनांचा तक्ता दिला. त्यामुळे मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकं वाचू शकलो, हे मी कधी नाकारणार नाही. पण त्याच वर्षी व्हायवात, उत्तर येत असताना, बारा चौकोनांतला योग्य चौकोन शोधता शोधता मी गप्प उभा राहिलो आणि सर पुढच्या मुलाकडे वळले. तक्ता तोंडात उतरायला आणखी दोन वर्षं, हॉस्टेलवरची क्रिकेट कॉमेंट्री आणि चुकलो तरी न हसणारा एक केरळी रूममेट लागला. क्रॅशन यांची भिंत मला तेवढ्यापुरती दिसली. ती अभेद्य असती तर मात्र मी आज मीटिंगमध्ये बोलू शकलो नसतो.

म्हणून प्रभूंच्या पुस्तकाशी माझं भांडण पद्धतीबद्दल कमी आणि एका गृहीतकाबद्दल जास्त आहे: अर्थात बुडालं की रूप आपोआप हाती लागतं. काही रूपं लागतात. वेळापत्रकातून 'सुटते, पोचते' चांगलं बसत असेल. पण ज्या रूपाने अर्थाला धक्का बसत नाही ते अर्थाच्या मागे धावणाऱ्याला दिसणार कसं? 'मी मराठी शिकली' म्हटल्याने मावशींना काय कळायचं राहिलं? काहीच नाही. गाडी वेळेवर पोचली. हसू तेवढं झालं, आणि हसण्यातून नियम कळत नाही.

आपल्याकडे सध्या 'इथे राहायचं तर मराठी शिका' हे मोठ्या आवाजात सांगितलं जातं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात अमराठी लोकांसाठी 'माय मराठी' हा प्रकल्प उभा राहिला. परकी भाषा शिकवणाऱ्या लोकांना याची गरज कळावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११पासून आहे, पण ते मराठी येणाऱ्यांसाठी आहे. आवाज चढवणाऱ्यांपैकी किती जणांना 'खाल्लो' का नाही हे सांगता येईल, ते मला बघायचंय. मला तरी त्या दिवशी आलं नव्हतं.

सोमवारी मी मित्राला बसवलं. आधी 'तो'ची वाक्यं दिली, जिथे 'ने' ऐकू येतो, मग त्यांच्या शेजारी 'मी'ची. दहा मिनिटं लागली. "मतलब मी के अंदर ने छुपा है," तो म्हणाला. इतकं नेमकं दामल्यांनाही जमलं नसतं. मग मी विचारलं, तू 'मैंने किताब लाया' का म्हणत नाहीस? तो म्हणाला, "ऐसे थोड़ी बोलते हैं. मैं किताब लाया." का? तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. आयुष्यभर बोलला होता, कधी लक्षात आलं नव्हतं.

आता त्याच्या फोनमध्ये एक यादी आहे: शिकलो, प्यायलो, विसरलो एकीकडे, आणलं, सांगितलं, केलं दुसरीकडे. ती बघून तो बोलतो असं नाही. पण परवा म्हणाला की आता मराठी ऐकताना मध्येच टिकटिक होते, अरे, हा शब्द यादीतला. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं की 'म्हणणे' कुठे टाकू, कारण मीच सकाळी 'मी म्हणालो' आणि दुपारी 'मी म्हटलं' बोललो होतो. मला कळेना. तेवढ्यात पलीकडून आमचा सोलापूरचा टेस्टर ओरडला, "आमच्याकडे ये की लेका, आम्ही 'मी काम केलो'च म्हणतो!" मित्राने माझ्याकडे पाहिलं, फोन काढला आणि यादीत तिसरा रकाना पाडला.